चरणाऱ्या माशाचं वेळापत्रक

माझे भाऊजी कंपन्यांमधून वेळेचं नियोजन शिकवतात. म्हणजे कामाच्या वेळेत शंभर माणसांना कामावरून उठवून एका गार खोलीत बसवतात आणि वेळ वाया घालवू नका म्हणून तीन तास सांगतात. लोक टाळ्या वाजवतात. घरी या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, ते ताई शोधून देते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

मी शोभेच्या समुद्री माशांच्या दुकानात आहे. चौदा वर्षं लोकांच्या घरी जाऊन खाऱ्या पाण्याच्या टाक्या राखते आहे. मिठाने बोटांना भेगा पडल्यात आणि माणसांबद्दलचं मत फारसं बरं उरलेलं नाही. गिऱ्हाईक विचारतं, हा मासा किती मोठा होतो? हातभर होतो म्हटलं की खूश. त्याला टाकी केवढी लागेल, हे चौदा वर्षांत मला मोजून चार जणांनी विचारलं असेल. भाऊजी त्या चारांत नव्हते.

त्यांनी निवडला तो सर्जन मासा. राखाडी, पानासारखा चपटा, पुढे काढलेलं तोंड, डोळ्यापाशी केशरी रेघ आणि शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखी धारदार पाती. त्या पात्यांवरूनच त्याला सर्जन म्हणतात. समुद्रात हा मासा खडकांवरचं शेवाळ खरवडत दिवसभर हिंडतो, माळावर गाय चरते तसा. तेव्हा तो वीतभर होता. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या चार फुटी टाकीत पुढे याला वळायलाही जागा राहणार नाही."

"मेहुणीबाई, जागा मनात असते," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या भाषणात आहे.

दुकानदार गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होता. मग मी आमचं ठरलेलं वाक्य टाकलं, "काचा मात्र स्वच्छ ठेवतो हं. शेवाळ खातो ना." विकताना आम्ही सगळेच ते म्हणतो. त्याची मला आजही लाज वाटते, कारण माझ्या सगळ्या बोलण्यातलं भाऊजींच्या कानात तेवढंच शिरलं. मासा म्हणजे फुकटचा सफाई कामगार. वर शाकाहारी, म्हणजे स्वभावाने गरीब.

घरी फ्रिजच्या दारावर त्यांचं वेळापत्रक लावलेलं असतं. त्यात ताईच्या नावाची ओळ होतीच, तिच्याखाली माशाची ओळ आली. सकाळी सात, संध्याकाळी सात, दोन मिनिटांत संपवणे. मी सांगून पाहिलं की याचं आतडं लांब असतं, पोटात सतत थोडं थोडं जात राहिलं पाहिजे, याला जेवणाच्या वेळा नसतात. भाऊजी हसले. "जेवणाच्या वेळा नसणं हाच तर प्रॉब्लेम आहे. सवय लावली की लागते." पालथ्या घड्यावर पाणी. आणि गंमत अशी की ज्याला काचा पुसायला आणला, त्याच्या काचा हे रोज सकाळी स्वतःच घासायचे. पाहुण्यांना टाकी लख्ख दिसली पाहिजे ना! ताटातलं पुसून घ्यायचं आणि वर म्हणायचं, खा.

तरी मासा वाढला. अंगाने भरला, दीड वीत झाला. भाऊजींनी तो भाषणात घेतला. "माझा मासासुद्धा वेळ पाळतो" म्हटलं की म्हणे हमखास हशा यायचा. खरी गोष्ट मला आणि ताईला ठाऊक होती. साडेनऊला भाऊजी बाहेर पडले की ताई शिलाई मशीनच्या खणातून सुक्या शेवाळाचा कागदासारखा पत्रा काढायची आणि चिमट्याने काचेला आतून अडकवायची. संपला की दुसरा. भाऊजी यायच्या आत चिमटा परत खणात. चार वर्षं हे चाललं होतं. मी एकदा चिडून म्हटलं, "त्यांच्या तोंडावर सांगत का नाहीस?" ती म्हणाली, "त्यांना वाईट वाटेल गं." मला तिचाही राग आला.

मग आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ताई महिनाभरासाठी तिकडे गेली. जाताना मला बजावून गेली, "दर दोन दिवसांनी घरी जा. त्याला बघ." मी दुसऱ्याच दिवशी भाऊजींना फोन केला. "या आठवड्यात स्लॉट नाही," म्हणाले. पुढच्या आठवड्यातही स्लॉट नव्हता. घराची किल्ली माझ्याकडे नाही. सोळाव्या दिवशी मी न विचारता जाऊन बेल वाजवली.

टाकी आरशासारखी चमकत होती. मागची काच पाहुण्यांना दिसत नाही म्हणून भाऊजी ती घासत नसत आणि टाकीची देखभाल करताना मीही ती मुद्दाम हिरवी ठेवायचे, कमी पडलं तर त्याला तेवढंच. तीही त्यांनी जुन्या टूथब्रशने घासून काढली होती. मासा त्या कोऱ्या काचेवर तोंड आपटत होता. पोट आत गेलेलं, डोळ्यांमागे खड्डे, अंगाचा रंग विटलेला. काचेचे सांधे जिथे चिकटवलेले असतात, तिथलं रबरासारखं सिलिकॉनसुद्धा त्याने कुरतडलं होतं. मला रडू आलं आणि ते भाऊजींनी बघू नये म्हणून मी बादली उचलली.

"वजन आटोक्यात आलंय, बघितलंस?" मागून भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, तो उपाशी आहे. आठवडाभरात मरेल."

"दोन्ही वेळा खातो. दीड मिनिटात संपवतो. आधी पूर्ण दोन मिनिटं लागायची."

दीड मिनिटात का संपवतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला नव्हता. मी म्हटलं, मी त्याला दुकानात नेते, मागे सोळा फुटी टाकी आहे. ते म्हणाले, कुठेही न्यायचा नाही, त्याची शिस्त मोडेल. ताईचं गुपित फोडावं असं जिभेवर आलं, पण ते तिचं होतं. शेवटी अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी आवाज गोड केला. "मोठ्या टाकीवर आपण पाटी लावू. 'शिस्तीत वाढवलेला मासा', खाली तुमचं नाव. रोज शंभर माणसं येतात दुकानात."

भाऊजींनी मान तिरकी केली. "आणि फोटो?"

"फोटो पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टब घेऊन गेले. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते आणि मोबाईल स्टँडवर लावला होता. माशाला ते स्वतः निरोप देणार होते, त्याचा व्हिडिओ व्हायचा होता. मी खडक काढले, पाणी निम्म्यावर आणलं. या माशाला जाळ्याने धरायचं नसतं, पाती जाळ्यात अडकतात आणि तो स्वतःला फाडून घेतो. टब पाण्यात आडवा धरून त्याला हळूहळू आत सरकवायचं. "तुम्ही बाजूला उभे राहा," मी म्हटलं. "शेपटीकडे हात न्यायचा नाही."

"शाकाहारी आहे तो. चावतो थोडाच?" भाऊजी मोबाईलकडे बघून म्हणाले. मासा टबात शिरतच होता, तेवढ्यात त्यांनी बाही सारून हात आत घातला आणि त्याला मागून थोपटलं. "चल बाळा."

माशाने शेपटी एकदाच फिरवली. अंगठ्यापासून मनगटापर्यंत तळवा उघडला. भाऊजी "आई गं" करून जमिनीवरच बसले आणि रक्त बघून पांढरेफटक पडले. मी आधी टबाचं झाकण लावलं, मग त्यांना टॉवेल दिला. या क्रमाबद्दल मला काहीही वाटलं नाही, तेव्हाही आणि आताही.

शेजारी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले आणि मी माशाला दुकानात. तो दिवस तो मोठ्या टाकीच्या तळाशी एका कोपऱ्यात पडून राहिला. शेवाळ लावलं, ढुंकून बघितलं नाही. इतके दिवस उपाशी राहिलेलं जनावर कधी कधी समोर आलं तरी खात नाही, हे मी पूर्वी पाहिलंय. ताईचे सहा फोन आले आणि मी एकही उचलला नाही. काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वर आला. शेवाळाभोवती दोनदा फिरला, एक कोपरा फाडला, थांबला, आणि मग खातच सुटला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला तसंच सोडून मी ताईला फोन लावला.

"खाल्लं?" तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"तिसरा पत्रा चालू आहे."

पलीकडे बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता. मग मी भाऊजींचं सगळं सांगितलं, व्हिडिओपासून दवाखान्यापर्यंत. "अकरा टाके पडलेत. उजवा हात पंधरा दिवस चालणार नाही. वाढून द्यायला कोणी नाही, तू कधी येतेस म्हणून विचारत होते."

मला वाटलं, आता ही पहिली गाडी पकडणार. लग्नाला अठरा वर्षं झाली. अठरा वर्षं 'अहो', 'हे' आणि 'त्यांना'. त्या माणसाचा उल्लेख तिने माझ्यापाशीसुद्धा कधी एकेरीत केला नव्हता.

"आईचा दुसरा डोळा पण करून घ्यावा म्हणते," ताई म्हणाली. "दोन महिने तरी लागतील. त्याला म्हणावं, डाव्या हाताने वाढून घे."

मी गडबडले. "कोणाला म्हणावं, ताई?"

"माशाला हात असतात का गं?"