खेकडोबाची शेपटी

हे लिहिणारच नव्हतो, खरं सांगतो. सत्तावीस वर्षांच्या माणसाने रबरी राक्षसाच्या शेपटीवर काय लिहायचं? शिवाय ललिता मावशीने वाचलं तर पुढची इडली विसरा. पण रविवारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून टाइप करतोय.

मी आणि राजरत्न, आम्ही दोघं जपानी सिनेमातले राक्षस जमवतो. मऊ व्हिनाइलचे, आतून पोकळ. मला नवीन आवडतात, अंधारात चमकणारे वगैरे. राजरत्नला जुनेच पाहिजेत. इथे कॅनडात, एडमंटनमध्ये, मराठी बोलणारे आणि राक्षस जमवणारे आम्ही दोघंच. मी विचारून बघितलंय.

त्याचा पहिला राक्षस म्हणजे खेकडोबा. हे नाव आमचं. हिरवा, नारिंगी पोट, खेकड्याचे हात. राजरत्न सहा वर्षांचा असताना, ते लोक नागपूरहून नुकतेच आलेले, तेव्हा त्याच्या बाबांनी, भीमराव काकांनी, जुन्या वस्तूंच्या गराज सेलमधून आणलेला. शेपटी नव्हती. शेपटीशिवाय हा राक्षस मागे पडतो, त्यामुळे बिचारा इतकी वर्षं भिंतीला टेकून.

आता राजरत्नला ओंटारिओतल्या केंब्रिजला गाडीच्या प्लांटमध्ये जॉब लागला. शनिवारी निघणार. म्हणून मी ओसाकाच्या एका विक्रेत्याकडून नुसती शेपटी शोधून मागवली. माझ्याकडून गिफ्ट.

पार्सल घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा बाहेर उणे एकतीस. राजरत्न लगेच कात्री घेऊन धावला.

"थांब बे! गार व्हिनाइल आहे, पापडासारखं तुटेल. जरा घरात राहू दे."

शेवटी उघडलं. तीच हिरवी, तोच नारिंगी रंगाचा फवारा. राजरत्नने ती उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाला, "यार, ओटावाचा तो माणूस आहे ना, तो म्हणालेला, कम्प्लीट असेल तर उद्या घेतो."

"विकणार?"

"सगळंच विकतोय, ऋष्या. नवीन जॉब, छोटा कॉन्डो. खेळणी कुठे ठेवू?"

खेळणी म्हणाला. आत्तापर्यंत कधी म्हणाला नव्हता. मी शेपटी आणली खेकडोबा त्याच्याजवळ राहावा म्हणून, आणि तीच त्याला विकायच्या कामाची झाली.

मी राजरत्नच्या आईला, ललिता मावशीला, एवढंच म्हणालो, "मावशी, ही जरा गरम पाण्यात धरायची, मऊ झाली की भोकात बसते."

"ठेव तिथे, मी बघते."

इतक्यात भीमराव काका सोफ्यावरून, "राक्षस नंतर. आधी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करा दोघं."

केला. राजरत्न मधेच म्हणाला, "चिडलास?"

"नाही."

"चिडलास. बर्फ माझ्याच अंगावर टाकतोयस."

आत आलो तर किचनमध्ये इडलीचा वास. मावशीने इडलीपात्राचं झाकण काढलं, एकदम खुशीत. "बघ, लोण्यासारखी मऊ झालीय!"

सगळ्यात वरच्या ताटलीत, इडल्यांच्या शेजारी, शेपटी. मऊ पडून साच्यात बसलेली. टोक गोल वळलेलं, खाली इडलीच्या साच्याची भोकं उमटलेली, एका बाजूला पीठ.

"आईऽऽ!" राजरत्न ओरडला.

"काय झालं? गरम पाण्यात रंग गेला असता ना, म्हणून वाफेवर ठेवली." मावशीचा चेहरा उतरला. "खराब झाली का रे?"

"नाही मावशी, एकदम भारी," मी म्हणालो. गार व्हायच्या आत बसवायला हवी होती, म्हणून राजरत्नने खेकडोबाला धरलं आणि मी दाबली. टक. बसली.

टेबलावर ठेवला. हात सोडला.

उभा राहिला. वळलेल्या शेपटीवर मस्त रेलून, टपरीवर चहा प्यायला आल्यासारखा.

काकांनी चष्मा वर केला. "घ्या. तो पण नोकरीला लागला."

राजरत्न हसला नाही. खाली वाकून बघत बसला. फोन वाजला, ओटावाचा माणूस: फोटो पाठव.

मला गप्प बसता आलं असतं. पण म्हणालो, "हे बघ, परत गरम केली तर सरळ होईल. भोकंही जातील बहुतेक. विकता येईल."

"सरळ केली तर असा उभा राहील?"

"उभा राहील. पण असा नाही."

त्याने फोन घेतला, काहीतरी टाइप केलं, माझ्यासमोर धरला. सॉरी, आता विकायचा नाहीये.

"आई, इडली दे," तो म्हणाला. "शेपटीशेजारची."

मावशी म्हणाली, "ती मी फेकतेय. रबर खाशील का?"

नंतर खाताना नवा प्रॉब्लेम आला. सामान ट्रकने जाणार, चार दिवस थंडीत. खेकडोबाचा पापड झाला असता. आणि राजरत्न जाणार त्या गाडीत त्यालाच पाय ठेवायला जागा नाही.

"तुझ्याकडे ठेव मग," राजरत्न म्हणाला. "मेमध्ये माझ्याकडे येशील तेव्हा आण. पण विमानात बॅगेजमध्ये टाकायचा नाही."

"मांडीवर घेऊन येईन. शेजारच्याने काही विचारलं तर सांगेन, मित्राचा आहे, सोडायला चाललोय."

"आणि शेपटी?"

"हात लावणार नाही," मी म्हणालो. "प्रॉमिस. भोकांसकट आणतो."