डाव्या वळणाची गोगलगाय

पानावरच्या प्राण्याचं तोंड मजकुराकडेच हवं, हा शनिवार पेठेतल्या त्या छापखान्याचा नियम. म्हणून तिथं पानं मांडणाऱ्या चेतनने एका पुस्तिकेतल्या गोगलगायीचा फोटो सवयीने, आरशात दिसावा तसा उलटवला.

दुसऱ्या दिवशी पुस्तिकेच्या लेखिका, प्राणिशास्त्राच्या कल्याणी मॅडम, प्रुफं घेऊन थेट त्याच्या टेबलाशी आल्या.

"अहो, निसर्गाची चूक सुधारलीत, आभारी आहे!" असं म्हणत त्यांनी एक रिकामा शंख त्याच्या तळहातावर ठेवला आणि भिंग पुढे केलं. "टोक वर धरा. तोंड कुठं आलं?"

"डावीकडे."

"बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे येतं. हिचं अख्खं खानदान डावीकडे वळतं. आणि तुम्ही तिला एका क्लिकमध्ये सरळ केलीत."

चेतन भिंगातून बघतच राहिला. शंख तांदळाच्या दाण्याएवढा, पण एकेक वेढा असा सफाईदार, की बोट ठेवायला जागा नाही. एवढासा जीव, आणि कुणाला न विचारता आपल्या वाटेने वळलेला!

त्याने फोटो पूर्ववत केला. गोगलगाय मजकुराकडे पाठ करून बसली.

"आणि तुमचा नियम?" मॅडमनी विचारलं.

चेतनने सगळा मजकूर उचलला आणि तिच्या तोंडासमोर नेऊन ठेवला.