दादाने औषध मारलं

म्हातारीने फाटक उघडलं आणि उग्र वास नाकात शिरला. थोरला पाठीवर पंप बांधून उतारावरच्या फुलांत उभा होता आणि डावी-उजवीकडे फवारत होता. बांधाबांधाने वेचलेलं बी पेरून धाकटीने त्या उजाड तुकड्यावर रानफुलं आणली होती. असलं बी दुकानात मिळत नाही. यंदा कुठे मधमाश्या, भुंगे परतले होते, पण फुलांनी अजून बी धरलं नव्हतं. ती जळाली की सगळं मुळासकट संपलं.

"अरे मुडद्या, काय करतोस?"

"तिनेच सांगितलं. म्हणाली, दादा, गवताने फुलांचा गळा धरलाय, काहीतरी औषध सांग. म्हटलं, सांगत कशाला बसू, मारूनच टाकतो."

"औषध म्हणजे उपाय विचारला तिने, बैला. तुला औषध म्हटलं की विषाचीच बाटली दिसते."

तेवढ्यात धाकटी गवत ओढायचं दाताळं घेऊन धावत आली. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला, दुसऱ्याने कान फाटला. त्याने फवारणीची पितळी नळी फिरवली, ती तिच्या तोंडावर बसली. ती रक्तासकट दात थुंकत आडवी झाली. त्याने तिच्या छातीवर गुडघा रोवला आणि नळी डोळ्यांपाशी नेली.

"बोलाव तुझ्या माश्यांना."

या लेकाला म्हातारीने आजवर फक्त जिभेने मारलं होतं. तिने कुदळ उचलून दांडा त्याच्या मनगटावर घातला. वाळकी फांदी मोडावी तसं हाड वाजलं. दुसऱ्या घावाने पंप फुटला, त्याची पाठ भिजली आणि तो गुरासारखा ओरडू लागला.

धाकटी उठली. नळाची रबरी नळी एकच होती.

"आई, आत्ता धुतली तर फुलं वाचतील. पण दादाची कातडी..."

"तू फुलं धू. याला मी धुते."

धड असलेल्या कानाला धरून तिने त्याला गोठ्याच्या हौदापर्यंत फरफटत नेलं आणि आत ढकललं. गुरं कधीच विकली होती, पाणी मात्र भरलेलं होतं. तो मोडका हात छातीशी धरून वर आला. तिने डोकं पुन्हा आत दाबलं, मग सोडलं.

"आई, बाहेर येऊ का?"

म्हातारीने उताराकडे पाहिलं. धाकटी रक्ताळल्या तोंडाने एकेक झुडूप धूत होती.

"तिला विचार," म्हातारी म्हणाली. "आणि नीट विचार. तुझा एक हात अजून धड आहे."