भट्टीवाल्याची उरलेली गोष्ट

मिआओचं पत्र आलं तेव्हा मी बाल्कनीत लसूण सोलत बसलो होतो. त्याला आता नऊ वर्षं झाली. पाकिटावरचं अक्षर मी लगेच ओळखलं. शाळेत असल्यापासून त्याची अक्षरं उजवीकडे झुकलेली, जणू सगळी कुठेतरी निघाली आहेत. मजकूर थोडा होता. "जुन्या मित्रा, एकदा आपल्या वेइहायला यावंसं वाटतं. समुद्र बघायचा आहे, बेटावर जायचं आहे. तू बरोबर चल. तुझ्याशी एक बोलायचं राहून गेलं आहे."

मी ते दोनदा वाचलं, जाड शब्दकोशात घातलं आणि उत्तर दिलं नाही.

त्यात आळस नव्हता. मी भांडू शकत नाही. आवाज चढवला की माझा मलाच खोकला येतो. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण मागच्या बाकावरच्या मुलाला गप्प बस म्हणायलाही मला धीर लागायचा. अशा माणसाच्या हातात एकच हत्यार असतं, गप्प राहण्याचं. रोज सकाळी मी किनाऱ्यावरच्या बागेत फिरायला जायचो. तिथे म्हाताऱ्या जोडप्यांचा नाच चाललेला असायचा, कुणी पतंग उडवत असायचं, आणि मी मनाशी म्हणायचो, आजही मिआओनं तिकडे जिनान शहरात टपालपेटी उघडली असेल, आजही ती रिकामी निघाली असेल. मग चहा जास्त गोड लागायचा.

माफी मागायची असणार त्याला, हे मी धरून चाललो होतो. त्याला ती मागू द्यायची नाही. ती त्याच्या घशात तशीच कुजू द्यायची.

कसली माफी, ते सांगतो. माझे पणजोबा चीनच्या उत्तरेच्या आरमारात एका टॉर्पेडो बोटीवर भट्टीवाले होते. सव्वाशे वर्षांपूर्वी जपान्यांनी वेइहायला वेढा घातला, त्या हिवाळ्यात आपल्या टॉर्पेडो बोटी एका सकाळी बंदरातून बाहेर पडल्या आणि लढायचं सोडून पश्चिमेला पळाल्या. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील. पणजोबांची बोट पुढे वाळूत रुतली. ते वर आले तेव्हा त्यांना कळलं की आपण पळालो आहोत. खाली कोळसा टाकणाऱ्याला बोट हल्ल्यावर चालली आहे की पळून, हे कुठून कळणार? मरेपर्यंत ते एकच सांगत राहिले, "मी पळालो नाही, मला पळवलं. आणि मीच कोळसा घातला." घरात ही गोष्ट दार लावून सांगायची पद्धत होती.

मी ती मिआओला सांगितली. बागेच्या टोकाच्या खडकावर बसून आम्ही सुईनं समुद्रगोगलगाई काढून खात होतो. तो माझा एकुलता एक मित्र. अठरा वर्षांचे होतो आम्ही.

माझे वडील तेव्हा बंदरासमोरच्या बेटावर रसद नेणारी होडी चालवायचे. बेटावर आरमाराचा तळ. पुढच्याच उन्हाळ्यात सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, सगळ्या देशात भिंतींवर लोकांवर आरोप करणारे मोठ्या अक्षरांचे कागद लागू लागले, आणि धक्क्याजवळच्या धान्यकोठाराच्या भिंतीवर एक कागद लागला: 'पळपुट्याचा नातू आरमाराच्या होडीचं सुकाणू धरतो!' अक्षरं उजवीकडे झुकलेली होती. खाली नाव होतं, त्यानं ते लपवलंही नव्हतं. सुकाणू गेलं. वडिलांना होड्यांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायला बसवलं, थंडीत, गुडघाभर पाण्यात. दोन हिवाळे त्यांनी काढले. तिसरा काढला नाही. मिआओ जिनानला गेला, मोठ्या कचेरीत चढला.

या वसंतात फोन आला. फोनवर बाई होती. "काका, मी निंग, मिआओंची मुलगी. बाबांची नजर गेलीय हो, मधोमध काळा डाग दिसतो नुसता. पण समुद्राचा हट्ट सोडत नाहीत. शनिवारी येऊ का?"

नाही म्हणायचं होतं. मी म्हणालो, "या."

माझी थोरली बहीण माझ्याबरोबरच राहते. तिनं डोक्याला हात लावला. "पत्राला उत्तर देत नाहीस आणि माणसाला घरी बोलावतोस! काय करणार आहेस त्याचं?"

"ताई, तू करंज्या कर. सुरमईच्या."

आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्यापुढे शेवयांचा वाडगा ठेवतात, लांब शेवया, म्हणजे राहा, पाय अडकू दे. उकळत्या पाण्यातल्या करंज्या करायच्या त्या पाहुणा निघताना. आल्या आल्या करंज्या वाढणं म्हणजे त्याच्या हातात त्याचे जोडे देणं.

"आल्या आल्या?" ताई म्हणाली. "नक्की?"

"नक्की."

"पन्नास वर्षं सुरी पाजळलीस आणि शेवटी मला कणीक मळायला लावतोस." पण ती बाजारात गेली आणि चांगली हातभर सुरमई घेऊन आली.

शनिवारी त्यांना धक्क्यावर भेटलो. मिआओ वाळला होता. मला बघायला त्याला मान तिरपी करावी लागत होती, डोळ्याच्या कडेनं. "लाओ-त्सोंग! जाड झालास की काय? का तुझ्यामागे खांब आहे?"

"खांब आहे," मी म्हणालो.

निंग हसली. पन्नाशीची, कपाळावर पांढरी बट, वडिलांच्या कोपराला सतत हात लावलेला.

होडीत मिआओ माझ्या शेजारी बसला. मोटारीचा आवाज जरा स्थिरावला तसा तो माझ्याकडे झुकला. "लाओ-त्सोंग, तुझ्याशी एक बोलायचं होतं..."

आणि मी बोलू लागलो. मी, ज्याला दुकानात वजन कमी आहे असं सांगता येत नाही तो! ते उजवीकडचं टोक दिसतंय ना, दिसत नाही, बरं, तर तिथे तोफखाना होता. तोफा जर्मन. दक्षिणेकडचे किल्ले आधी पडले, आणि आपल्याच किल्ल्यांवरच्या तोफा आपल्याच जहाजांवर उलटल्या. बेटावर उतरल्यावरही मी थांबलो नाही. सेनापतीच्या कचेरीच्या पायऱ्या, पाण्यातून वर काढलेल्या दोन प्रचंड तोफा, त्यांच्या नळ्यांचा गंज, जहाजांची नावं, कुठलं कुठे बुडालं. तो तोंड उघडायचा, की मी पुढचं जहाज बुडवायचो. पाइनच्या झाडांखाली बाकावर बसलो तेव्हा त्यानं पुन्हा सुरुवात केली, "अरे, ऐक तर...", आणि मी दारूगोळ्यावर घसरलो.

"काका, किती सुंदर सांगता!" निंग म्हणाली. "बाबांना काही दिसत नाही, पण आज सगळं दिसलं असेल. हो ना, बाबा?"

"सगळं दिसलं," मिआओ थकून म्हणाला. "फक्त पाणी प्यायला दे."

मला इतका आनंद अनेक वर्षांत झाला नव्हता. माझा घसा बसला होता. माफी त्याच्या ओठांवर येऊन परत चालली होती आणि परत पाठवणारा मी होतो.

परतीच्या होडीतून उतरल्यावर आम्ही बागेतून चालत घरी निघालो. जिथे धान्यकोठाराची भिंत होती तिथे आता हिरवळ आहे. पोरं साबणाचे फुगे उडवत होती. तिथे मी थांबलो. मला वाटलं, तो विचारील, का थांबलास. त्यानं विचारलं नाही. वास घेऊन म्हणाला, "गवत कापलंय वाटतं."

घरी ताईनं करंज्यांची वाफाळती ताटली त्याच्यासमोर आदळली. ठेवली नाही, आदळली. मिआओनं वास घेतला. त्याचा चेहरा उजळला.

"सुरमई! ताई, तुम्ही लक्षात ठेवलंत! निंग, खा, खा. जिनानमध्ये असली सुरमई बघायला मिळत नाही."

"आत्या, सारण किती मऊ झालंय!" निंग म्हणाली.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटलीकडे पाहिलं. तो विसरला होता. इतकी वर्षं आतल्या मुलखातल्या बायकोच्या हातचं खाऊन तो कुठल्या घरात कधी काय वाढतात हेसुद्धा विसरला होता. त्याला जोडे हातात दिले होते आणि तो म्हणत होता, किती छान जोडे.

पोट भरल्यावर तो म्हणाला, "आता तरी मला बोलू देशील का? सकाळपासून तोफा डागतोयस."

आता मला ते थोपवता येणार नव्हतं. माझे हात टेबलाखाली गेले. आता तो म्हणणार, आणि निंगसमोर म्हणणार. मी काय करीन? उठून जाईन? उठून जायला मला जमेल का?

"नऊ वर्षांपूर्वी तुला पत्र लिहिलं होतं," मिआओ म्हणाला. "मिळालं नसणार. टपालाचं काय खरं!"

नऊ वर्षं! तो रोज पेटी उघडतच नव्हता. त्याला वाटलं, पत्र हरवलं. झालं, विसरला.

"तर असं," तो पुढे म्हणाला, "मी आठवणी लिहितोय. म्हणजे मी सांगतो आणि निंग टाइप करते. आता पत्रंसुद्धा तीच वाचून दाखवते मला. आपल्या गावच्या युद्धावर एक प्रकरण हवं. तुझ्या पणजोबांची ती भट्टीवाल्याची गोष्ट तू खडकावर सांगितली होतीस ना? शेवट मला नीट आठवत नाही. लिहून पाठव. मी बसवतो बरोबर."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. अजून काय असणार?"

ताई ओट्याजवळ उभी होती. "मिआओ, आमचे बाबा आठवतात का तुला?"

"हे काय विचारणं, ताई? मला सुकाणू धरू द्यायचे. फार लवकर गेले." त्यानं आणखी एक करंजी उचलली. "काळच तसा होता."

"हो ना," ताई म्हणाली. "भिंतीवर कागद लावायची खळसुद्धा काळानंच शिजवली असेल."

निंगला काही कळलं नाही. मिआओची चॉपस्टिक हवेत थांबली. क्षणभरच. मग तो निंगकडे वळून म्हणाला, "व्हिनेगर दे गं जरा."

त्या एका क्षणासाठी मी आजही त्याचा आभारी आहे. तोपर्यंत मला शंका होती की हा खरंच विसरला असेल, आणि विसरलेल्या आंधळ्या म्हाताऱ्यावर डूख धरणारा मीच कुणीतरी हलका माणूस आहे. आता शंका नव्हती.

निंगनं सगळी भांडी घासली. नको नको म्हणताना ताईच्या खांद्यावर शाल टाकली. जाताना मिआओ जिन्यातून ओरडला, "गोष्ट विसरू नकोस हं!"

मी विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच लिहायला बसलो. ड्रॉवरमध्ये शाईच्या दोन बाटल्या होत्या. वह्या तपासायची लाल, आणि काळी. लाल शाईनं लिहिलेलं पत्र म्हणजे संबंध तोडले, हे त्याच्याही लक्षात असेल. निंगनं "बाबा, लाल आहे" म्हटलं असतं की पुढचं वाचायची गरजच उरली नसती. तो सुटला असता. मी काळी घेतली. काळ्या शाईच्या पत्राला उत्तर द्यावं लागतं.

गोष्ट मी पणजोबांपासून लिहिली. भट्टी, फावडं, वाळूत रुतलेली बोट. मग लिहिलं: 'तुला शेवट आठवत नाही, कारण शेवट मी सांगितलेला नव्हता. तो तू लिहिलास.' आणि मग धान्यकोठाराची भिंत, कागदावरची वाक्यं जशीच्या तशी, खालचं नाव, वडिलांचे गुडघे, पाणी. शेवटी एक ओळ: 'छापायची तर पूर्ण छाप. यातलं काही वगळलंस, तर वगळलेलं मी इथे छापीन.' ही धमकी माझ्या हातून उतरली यावर माझा विश्वास बसेना. मी ती खोडली. मग पुन्हा लिहिली.

पाकीट बंद केलं आणि तिथेच अडलो. पाकीट मिआओच्या नावाचं, पण वाचणार निंग. मोठ्यानं, वडिलांच्या समोर बसून, स्वतःच्या आवाजात. एखाद्या वाक्यावर ती थांबेल. तो म्हणेल, पुढे वाच. किंवा म्हणेल, पुरे. तिनं काय केलं होतं? भांडी घासली होती.

मी ताईला वाचून दाखवलं आणि विचारलं, "ती मुलगी वाचणार आहे गं. हे बरं आहे का?"

ताई शेंगा मोडत होती.

"बाबांना वाचता येत नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे! तू तेव्हा शाळेच्या वसतिगृहावर. भिंतीपुढे गर्दी जमली होती. बाबांनी मला हाक मारली, पोरी, काय लिहिलंय बघ गं, तुझे डोळे चांगले आहेत. मी म्हटलं, काही नाही, घरी चला. ते म्हणाले, वाच. सगळ्यांसमोर वाचलं मी. मोठ्यानं. खालचं नावसुद्धा." तिनं एक शेंग मोडली. "ते म्हणाले, आपल्याकडे यायचा तो मिआओ? मी म्हटलं, हो, तोच."

हे तिनं मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं, बाबांना कुणी सांगितलं म्हणून.

"निंगला कुणीतरी शाल द्या नंतर," ताई म्हणाली. "पण वाचू दे."

मी कोट चढवला. बागेच्या कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी थांबलो नाही, सरळ टपाल कचेरीत गेलो. खिडकीमागच्या मुलीनं पाकीट तोललं. "आजोबा, साधं टाकू?"

"नको. नोंदणीनं. पोहोचल्याची सही पाहिजे."

"महत्त्वाचे कागद आहेत?"

"गोष्ट आहे," मी म्हणालो. "जुनी आहे. या वेळी हरवायला नको."

तिनं शिक्का मारला. मी म्हटलं, नीट उमटला नाही बघा. तिनं पुन्हा मारला.