मेघदंडाचा जुना वाचक

सुदेश तांडेलला कोणी गाव विचारलेलं आवडायचं नाही. कोपरच्या सोसायटीत कोणी विचारलंच तर तो "ठाणे" म्हणायचा, आणि समोरच्यानं "ठाण्यात कुठे?" असं खोदलं की याला नेमका महत्त्वाचा फोन यायचा. ठाण्याच्या खाडीवरचा कोळीवाडा त्यानं लग्नाआधीच सोडला होता. बायको मंदाकिनी रत्नागिरीकडची. ती बिचारी मजेत बोंबील तळायची, खिडक्या लावायचा तो हा. शेजाऱ्यांना वास जाईल म्हणे. अहो, शेजारी आपल्या घरी सुरमई तळत बसलेले, त्यांना कुठे पडलीये तुमच्या बोंबलांची! पण नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

या सुदेशचं जगात एका माणसावर मनापासून प्रेम होतं, आणि तो माणूस कागदावरचा होता. मेघदंड. गोरापान, छाती ही एवढी, तोंडावर निळा मुखवटा आणि हातात विजेचा दंड. पोरवयात सुदेशनं त्याच्या गोष्टी इतक्यांदा वाचल्या होत्या की पानं हातात यायची. शाळेत मागच्या बाकावरची पोरं याच्या दप्तराशी नाक धरायची, आणि हा मनातल्या मनात मुखवटा चढवायचा. मेघदंड ढगातून जन्मलेला. त्याला आई नव्हती, बाप नव्हता, गाव नव्हतं. त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता. सुदेशला नेमकं तेच हवं होतं.

पन्नाशीला आला तरी वेड गेलं नाही. मोबाइलवर मेघदंडप्रेमींचा एक भलामोठा ग्रुप होता, त्यात हा 'जुना वाचक' या नावानं वावरायचा. खरं नाव तिथं कोणाला माहीत नव्हतं. कुठल्या अंकात खलनायकाचा कुठला डोळा फुटला, असले वाद त्याच्या एका शब्दावर मिटायचे. लोक त्याला 'सर' म्हणायचे, आणि ते त्याला फार गोड लागायचं.

मग एक दिवस ग्रुपवर बॉम्ब पडला. ठाण्यातल्या एका प्रकाशनानं बंद पडलेल्या मेघदंडाचे हक्क घेतले होते आणि नव्या पुस्तकातली चार पानं आधीच दाखवायला टाकली होती. चित्रकाराचं नाव नव्हतं. गोष्ट अशी, की म्हातारा झालेला मेघदंड खाडीच्या चिखलात कोसळतो आणि त्याचा दंड उचलते जया. काळीसावळी, हातांना पीळ असलेली कोळ्याची पोर. यापुढं मेघदंड तीच. शेवटच्या पानावर ती गुडघाभर पाण्यात उभी राहून पाग फेकत होती. पाग म्हणजे हातानं फेकायचं, कडेला शिसं लावलेलं गोल जाळं. आणि त्या जाळ्यात वीज सळसळत होती.

ग्रुपवर जुंपली. कोणी म्हणे, बरं झालं, किती दिवस तोच तो गोरा पैलवान बघायचा? कोणी म्हणे, नवा वीर हवा तर नवा काढा की, आमचा कशाला मोडता? आता हा दुसरा मुद्दा काही वाईट नव्हता. सुदेशनं तेवढाच लिहिला असता तर कोणाची ना नव्हती. पण त्याचं टाळकंच सरकलं. नुसती मुलगी असती तर त्यानं गिळलं असतं. पण कोळीण? ज्या मुखवट्याखाली तो जन्मभर लपला, तो काढून आत याच्याच घरातलं तोंड दाखवलं होतं. त्याला भर चौकात कोणी ओळखल्यासारखं झालं.

त्यानं लिहिलं: "आमच्या मेघदंडाच्या डोक्यावर आता म्हावऱ्याची पाटी! ही उडाली की लोकहो, छत्र्या उघडा, वरून बोंबील पडतील. खलनायकाला मारायची गरजच नाही, वासानंच मरेल. आणि म्हणे कोळीण! पाग खांद्यावर घेऊन फेकतेय. पागाची कड दातात धरतात, एवढंही चित्रकाराला माहीत नाही."

काय तो प्रतिसाद! हसून हसून लोक लोळले. मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला, त्यावर चित्रं निघाली, छत्र्या निघाल्या. मंदाकिनीनं विचारलं, "काय हो, एकटेच काय हसताय?" तर म्हणाला, "काही नाही गं, ऑफिसचं."

त्याच आठवड्यात थोरल्या भावाच्या मुलीचा, प्राप्तीचा फोन आला. "काका, रविवारी ये ना घरी. आबा आठवण काढतो. आणि माझं पुस्तक येतंय, तुला दाखवायचंय."

प्राप्ती खोपटला कुठल्याशा ऑफिसात चित्रं काढते, एवढंच सुदेशला ठाऊक होतं. कसली, कोणासाठी, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. रविवारी तो स्कूटर घेऊन निघाला. शीळफाट्याला नेहमीसारखी कोंडी. तिथं उभ्या उभ्या त्यानं मोबाइल काढून आपल्या मजकुराला आलेले नवे हसरे चेहरे मोजले आणि खुशीत कोळीवाड्यात पोचला.

गोमाजी, म्हणजे त्याचे वडील, ज्यांना सगळं घर आबा म्हणायचं, ओटीवर पागाचं फाटलेलं टोक सांधत बसले होते. त्यांनी वर बघून "आलास?" म्हटलं आणि बसायला पाट सरकवला. प्राप्तीनं आतून मोठे कागद आणले आणि फरशीवर मांडले.

पहिल्याच कागदावर जया होती. खांद्यावर पाग घेऊन उभी.

सुदेश कागदावर वाकला. "हे... हे तू काढलंस?"

"मग? पुस्तकात नाव येणार माझं. पहिलंच काम आहे काका." पोरगी हसली, पण हसू टिकलं नाही. "म्हणजे येणार होतं. आता काय माहीत. साहेब म्हणतात, जुने वाचकच नको म्हणतायत. उद्या मीटिंग आहे. बहुतेक जयाला काढून तोच जुना मेघदंड परत आणतील. मग मला कशाला ठेवतील? जयासाठीच घेतलेलं मला."

"असं कसं काढतील?" सुदेशनं विचारलं.

"एक मजकूर आहे रे. सगळीकडे तोच फिरतोय. साहेबांनी भिंतीवर लावून दाखवला सगळ्यांना." तिनं मोबाइल काढून तो आबांना वाचून दाखवायला सुरुवात केली. आबांना वाचता येत नव्हतं. "आबा, ऐक तूपण. 'आमच्या मेघदंडाच्या डोक्यावर...'"

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, तसं सुदेशला झालं. पण ओटीची फरशी कसली फाटतेय! एकेक शब्द त्याच्याच अंगणात त्याच्या पुढ्यात पडत होता. बोंबील झाले, छत्र्या झाल्या, वास झाला. आबा मान खाली घालून सुई ओढत ऐकत होते. पागाचं वाक्य आलं तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला.

"यो खरा बोलतंय," आबा म्हणाले. "पाग दातानच धरतान."

"माहितीये मला. पण मी तुझं बघून काढलं ना आबा. तू खांद्यावर घेतोस."

"त्या झाला माजा." आबांनी बोळक्या तोंडानं हसून दाखवलं. "पन लिवनारा आपल्यातलाच हाय कोन तरी. भायरच्याला काय ठावं, पाग कसा धरतान ते?"

"मलापण तेच वाटलं," प्राप्ती हळूच म्हणाली. "बाहेरच्यांचं काही वाटत नाही रे. त्यांची सवय झालीये. पण आपलाच कोणीतरी नाव लपवून असं लिहितो, याचं मला रडू आलं."

सुदेशनं पाणी मागितलं.

"काका, तू लहानपणापासून मेघदंड वाचतोस ना? बाबा सांगतात. त्या मेघदंडच्या ग्रुपवर असशीलच, मीपण कालच शिरलेय त्यात. टाक ना काहीतरी, तुझ्या नावानं. मी कोळी आहे, जुना वाचक आहे, मला जया आवडली, एवढंच. साहेबांना उद्या दाखवते. आपला एक जरी माणूस बोलला तरी खूप झालं."

तिनं 'जुना वाचक' हे शब्द किती सहज उच्चारले! सुदेशनं दचकून तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं, नुसती आशा होती. ती बघवेना म्हणून तो म्हणाला, "टाकतो की. घरी जाऊन टाकतो."

"आत्ताच टाक ना. मी चहा ठेवते तोवर."

ती आत गेली. आता या माणसानं काय करावं? सरळ हात धरून 'पोरी, चुकलो' म्हणावं की नाही? पण ताकाला जाऊन भांडं लपवायची जन्माची सवय. त्याला वाटलं, चांगलं लिहिलं की वाईट धुऊन निघेल. फक्त ते 'जुना वाचक' या नावानं टाकून चालणार नव्हतं, आणि नवं खातं उघडून ग्रुपात शिरायला वेळ लागला असता. म्हणून त्यानं आहे त्याच खात्याचं नाव पुसलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथं 'सुदेश गोमाजी तांडेल' असं लिहिलं. मग भराभर मजकूर टाकला: "मी ठाण्याच्या खाडीवरचा कोळी. मेघदंड लहानपणापासून वाचतोय. ही जया आमच्या घरातली आहे. तिला काढू नका."

लिहिताना त्याला खरंच भरून आलं, हे मात्र कबूल करायला हवं. एवढी चार खरी वाक्यं त्यानं कधी कुठे लिहिली नव्हती.

पण अक्कल कुठे गहाण टाकलेली? त्या ग्रुपवर नाव बदललं की आजवर टाकलेल्या सगळ्या मजकुरावर नवंच नाव चढतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे!

आत चहाच्या कपांचा आवाज झाला आणि एकाएकी थांबला. प्राप्ती बाहेर आली ती चहाशिवाय. मोबाइलकडे बघत होती. मग तिनं काकाकडे बघितलं, परत मोबाइलकडे बघितलं. सुदेशनं आपला मोबाइल उघडला, वर सरकवला, आणि बोंबील आणि छत्र्यांच्या डोक्यावर त्याला आपलं नाव दिसलं. बापाच्या नावासकट.

त्याचा अंगठा पुसायच्या खुणेकडे गेला.

"पुसू नकोस," प्राप्ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "राहू दे दोन्ही. साहेबांना सांगायचंय मला, ओरडणारा घरचाच होता म्हणून."

"काय लिवला गो सुदेसनं?" आबांनी विचारलं. "वाच गो, मनापन ऐकू दे."

"तोच वाचेल आबा. वाच काका. दोन्ही वाच."

सुदेशनं चांगला मजकूर आधी वाचला. आबांचा चेहरा असा फुलला की शेजारच्याला हाक मारायला त्यांनी मान वळवली. प्राप्ती हलली नाही. मग सुदेशनं पहिला मजकूर वाचायला घेतला. 'म्हावऱ्याची पाटी'पाशीच त्याचा आवाज बसला. तरी तो थांबला नाही, शेवटपर्यंत वाचत गेला, आणि वाचून झाल्यावर म्हणाला, "आबा, हे मी लिवलंय. मीच."

त्याला वाटलं, आबा आता पाग फेकून मारतील. मारला असता तर बरं झालं असतं. आबांनी सुई पागात टोचून ठेवली. बोलले ते वासाचं नाही आणि बोंबलांचंही नाही.

"म्हंजे तुला ठावं नवता?" ते म्हणाले. "तू दहावीला व्हतास. पागाचा शिसा दगडाला अडकला, माजा तोंड उघडाला उशीर झाला, म्होरलं दात गेलं. तवापासना खांद्याव घेतंय. म्हयनाभर भाकरी कालवनात बुडवून खाल्ली मी. तुज्या म्होरंच तं बसाचो जेवाला."

सुदेशला ते आठवेना. त्याला एवढंच आठवलं, की त्या वर्षी जेवताना त्याच्या मांडीवर मेघदंड उघडा असायचा.

"तू बगितलाच नाय काय रं?" आबांनी विचारलं, आणि ते खरोखरच उत्तराची वाट बघत राहिले.