गोकुळच्या लॅपटॉपची तपासणी

सप्ताहात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली टेकवत नाहीत. दयारामने लॅपटॉप तसाच आसिफच्या हातात दिला. आधी वायरच्या थैलीतून काढला, त्याच्याभोवतीचं उपरणं सोडलं आणि मग दोन्ही हातांनी पुढे केला.

"जड आहे बे हे," तो म्हणाला. "राजूर घाट चढेपर्यंत मांडी बधिर झाली माही."

"गेमिंगचा आहे ना काका. हे असेच राहतात, म्हशीवानी. खाते बी तसाच, तापते बी तसाच," आसिफ हसला. "बसा. चहा सांगतो."

बुलढाण्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आसिफचं दुकान. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टांगलेले मेलेले लॅपटॉप. आसिफ आणि दयारामचा गोकुळ पॉलिटेक्निकला एका बाकावर होते. गोकुळ बंगलोरला गेला, आसिफ इथंच राहिला.

परवा गोकुळचा फोन आला होता. "बाबा, तो माझा लॅपटॉप पडूनच आहे घरी. मले कंपनीनं दुसरा देला. आसिफच्या बहिणीची पोरगी गुलनार इमारतीच्या नकाशांचं शिकून राह्यली, तिले असाच पाह्यजे. आसिफकडून तपासून घ्या. ठीक निघाला तर देऊन टाका. खराब निघाला तर घरीच ठेवा, मी आलो की पाहीन."

मी आलो की पाहीन. या चार शब्दांवर दयारामने दोन दिवस काढले होते. मागच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, गोकुळ घरी आला नव्हता. पोळा गेला, दिवाळी गेली. रुक्मिणीबाई होती तोवर आईच्या नावानं तरी यायचा; ती गेल्याला आता तीन वर्षं झाली. धामणगावातल्या त्या घरात गोकुळची म्हणावी अशी एवढी एकच वस्तू उरली होती. ती खराब निघाली तर पोरगा येईल. म्हणून सकाळी आंघोळ करून विठ्ठलापुढे हात जोडले, तेव्हा दयारामच्या तोंडून निघून गेलं, "देवा, काही तरी खोट निघू दे." मग त्याची त्यालाच लाज वाटली. पन्नास वर्षं टाळ धरला, किती कीर्तनं ऐकली, आणि मागितलं काय?

आसिफने लॅपटॉप उघडला. बिजागरी चार वेळा उघडझाप करून पाहिली. "टाइट आहे." पडदा आधी पांढरा केला, मग लाल, मग हिरवा, नाक टेकेल इतक्या जवळून पाहिला. "एक ठिपका मेलेला नाही." एकेक बटण दाबून पाहिलं. डिस्क पाहिली, रॅम पाहिली. प्रत्येक गोष्टीपुढे तो कागदावर बरोबरची खूण करत होता.

"बॅटरी थोडी उतरली आहे," तो म्हणाला.

दयाराम पुढे सरकला. "मंग? खराब म्हणायची ना?"

"नाही ओ. इतकं तर चालते. माणूस नाही का उतरत?" आसिफने त्याच्याकडे एकदा पाहिलं. "आता खरं काम. याच्या छातीवर बसून पाहू, दम किती आहे ते."

त्याने कुठलासा प्रोग्राम लावला. पडद्यावर डोंगर, पाणी, आगीचे लोळ धावू लागले. कोपऱ्यात दोन आकडे होते. एक सेकंदाला किती चित्रं उमटतात तो, दुसरा आतल्या उष्णतेचा. पंखे सुरू झाले आणि त्यांचा आवाज चढत गेला. चार मिनिटांत उष्णता अठ्ठ्याण्णववर गेली. नव्वदवर चाललेली चित्रं एकदम बावीसवर आली आणि पाणी अडखळत वाहू लागलं.

"हे पाहा," आसिफ म्हणाला. "दम लागला याले. मशीन स्वतःले वाचवायसाठी हळू होऊन राह्यलं. असा नाही देता येत गुलनारले."

दयारामने चहाचा घोट घेतला. आता कुठं त्याला चहाची चव लागली. "मंग घरीच ठेवावा लागते," तो म्हणाला. "गोकुळ आला की पाहीन तो."

"थांबा ना. आतून पाहू."

आसिफने लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले, झाकण उचललं आणि पाहतच राहिला. दोन्ही पंख्यांच्या तोंडाशी पांढरे शुभ्र बोळे बसले होते. त्याने चिमट्याने एक बोळा ओढला. तो निघता निघेना, वात वळावी तसा लांब होत गेला.

"काका, हा कापूस आहे."

दयारामने चहाचा कप खाली ठेवला.

"लॅपटॉपमधून कापूस काढायची माही पह्यलीच वेळ आहे. कुठं ठेवत होते तुम्ही?"

"आता भाव नाही म्हणून औंदाचा कापूस घरातच भरून ठेवला," दयाराम सावकाश म्हणाला. "गोकुळच्याच खोलीत. तो म्हणे, बाबा, महिन्यातून दोनदा चालू करत जा, नाही तर बॅटरी मरते. म्हणून मी एकादशीची एकादशी चालू करत होतो. खाली फरशीवर घासीन म्हणून गंजीवर ठेवायचो. मऊ."

"अन् वरून?"

"वरून उपरणं टाकायचो. धूळ बसते ना."

आसिफने कपाळाला हात लावला. "खालून कापूस, वरून उपरणं. थंडीतल्या लेकरावानी निजवला तुम्ही याले. अन् याच्यावर करत काय होते? गेम?"

"कीर्तनं. गोकुळनं भरून देलती याच्यात. चांगला आवाज येते."

आसिफ इतका हसला की शेजारच्या पानवाल्याने डोकावून पाहिलं. दयारामही हसला, पण लगेच थांबला. कारण आसिफने ब्रश घेतला होता. बोळे निघाले, फुंकणीने उरलेली तूस उडाली, चिपची उष्णता बाहेर नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लागली. दयाराम टेबलावर साचलेल्या त्या कापसाकडे पाहत होता. सहा वर्षांपूर्वी बोंडअळी आली, तेव्हा आख्खं उभं पीक त्यानं आणि गोकुळनं मिळून उपटलं होतं. हिरव्यागार बोंडात बोट घातलं की गुलाबी अळी वळवळायची. त्या संध्याकाळी हात धुताना गोकुळ म्हणाला होता, "मी पुन्हा वावरात पाय ठेवणार नाही." आणि पोरानं शब्द पाळला होता.

झाकण बसलं. तोच प्रोग्राम पुन्हा लावला. उष्णता ऐंशीला जाऊन थांबली. चित्रं नव्वदवर ठाम. दयारामने आकडा पुन्हा वाचला.

"पास झाला का?"

"अजून नाही. चार मिनिटं तर कोणीबी पळते. तासभर खरा गेम चालवून पाहावा लागते." आसिफ यादी पाहू लागला. "गोकुळनं एकच ठेवला आहे याच्यात. शेतीचा."

"शेतीचा खेळ?"

"राहते ना. ट्रॅक्टर चालवायचा, पेरायचं, सोंगायचं. शहरातले पोट्टे लई खेळतात." त्याने गेम उघडला. "जुनं खेळलेलं एक सेव्ह आहे. नाव लिहिलं आहे... विहिरीचं वावर."

दयाराम उठून आसिफच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

पडदा उजळला. समोर कापूस होता. बांधापासून बांधापर्यंत फुटलेला, पांढरा, एक पानही खाल्लेलं नाही. उजवीकडे विहीर. विहिरीच्या पलीकडे एकच झाड, आणि पूर्वेला बांध सरळ न जाता तिरपा कापलेला, कारण तिथं नाला दर पावसाळ्यात हातभर जमीन नेतो. खेळात नाला नव्हता. बांध मात्र तिरपाच होता.

"हे माहं वावर आहे," दयाराम म्हणाला.

आसिफने वळून पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. तो पॉलिटेक्निकला असताना गोकुळबरोबर बोरं खायला तिथं गेलेला होता. "हाव काका," तो हळूच म्हणाला. "विहीर बी तिथंच."

"याच्यात बोंडअळी नाही येत?"

"नाही काका. पाऊस कमी-जास्त करता येते. अळीचं बटणच नाही."

"कधी केलं हे त्यानं?"

आसिफने तारीख वाचली. दयारामने मनात दिवस मोजले. तो आखाजीचा दिवस होता. सकाळी रुक्मिणीबाईच्या नावाची घागर भरली, दोघं जेवले, मग ऑफिसचं काम आहे म्हणून गोकुळने दार लावून घेतलं. दयाराम ओसरीत बसून राहिला. पोराच्या कामात अडथळा नको म्हणून त्याने त्या दुपारी टाळसुद्धा वाजवले नाहीत, नुसतं ओठात नाम घेतलं. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा गोकुळ बॅग भरूनच बाहेर आला. मध्ये एक लाकडी दार होतं. अलीकडे बाप होता आणि पलीकडे पोरगा बापाचं वावर आखत होता.

आसिफने घड्याळ पाहिलं. "काका, आज जुम्मा आहे. मी नमाज पढून येतो. गेम चालत राह्यला पाह्यजे, उभा केला की लोड उतरते. हे मशीन कापूस वेचायचं. हे बटण दाबून धरा, म्हणजे पुढं जाते. वळायचं तर हे दोन. जमते ना?"

"बैल वळवले मी जन्मभर."

आसिफ अर्धं शटर ओढून गेला.

दयारामने बटणावर बोट ठेवलं आणि पुन्हा उचललं. वेचणीच्या पहिल्या दिवशी रुक्मिणीबाई सीतादही करायची. कापसाच्या झाडापाशी दहीभात ठेवायची, वावरात चार दिशांना शिंपडायची आणि मगच बायका ओटी बांधून वेचायला लागायच्या. त्याशिवाय तिने कधी एक बोंड तोडू दिलं नाही. दयारामने थैलीतला डबा काढला. भाकरीबरोबर थोडं दही होतं. त्याने कागदाच्या तुकड्यावर बोटभर दही ठेवलं, तो तुकडा लॅपटॉपपासून वीतभर लांब सरकवला आणि डोळे मिटून रामकृष्णहरी म्हटलं. भात नव्हता. चालवून घे, असं कोणाला तरी मनात म्हणाला. देवाला की बायकोला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मग बटण दाबलं. मशीन पुढे सरकलं. पांढऱ्या वावरात मागे तपकिरी पट्टा उमटत गेला. पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी सरळ आली.

तिसऱ्या ओळीत फोन वाजला. गोकुळ होता. जेवणाच्या सुट्टीत दोन मिनिटं.

"बाबा, पोचले का? काय म्हणते आसिफ? काही खराब निघालं का?"

मागे पंखे एकसुरात चालले होते. हो म्हणायला एक श्वास पुरला असता. तोंडापर्यंत आलंही होतं.

"नाही," दयाराम म्हणाला. "पंख्यात कापूस गेलता. काढला त्यानं. आता चांगला आहे. एकदम चांगला आहे."

"बरं झालं. मग देऊन टाका."

"गोकुळ, त्याच्यात तुहं वावर आहे."

पलीकडे कोणाच्या तरी डब्याची झाकणं वाजत होती. "तो टाइमपास होता बाबा," गोकुळ म्हणाला.

"पूर्वेचा बांध तिरपा काढला तू."

"तिरपाच आहे ना तो."

"हाव. तिरपाच आहे."

फोन चालूच होता. दयारामला वाटलं, आता तो काही बोलेल. त्याने वाट पाहिली. मग स्वतःच विचारलं, कोणतंही निमित्त न लावता, "आखाजीले येशील का?"

"पाहतो बाबा. सुट्टीचं काही नक्की नाही." मग, "जेवले का तुम्ही?"

"जेवतो आता."

"जेवून घ्या. ठेवतो."

दयारामने फोन खिशात घातला. ओळीच्या मध्येच मशीन उभं होतं आणि पंखे मंदावले होते. त्याने पुन्हा बटण दाबलं. आता घाई नव्हती. विहिरीकडून सुरुवात करून तो एकेक ओळ घेत गेला, बांधाच्या धुऱ्यापाशी वळत गेला. जागेवरच्या वळणाला "हो, हो, हो" असं त्याच्या तोंडून आपोआप येत होतं. खरं वावर वेचायला बारा बाया आणि आठ दिवस लागायचे. त्यात बोलणी, टोमणे, गाणी, कोणाचं तरी रडणं, कोणाचं तरी लेकरू झाडाखाली झोळीत. इथं तो एकटाच होता. ऊन नव्हतं, काटा लागत नव्हता, आणि कोणी "पाणी द्या" म्हणत नव्हतं. तिरप्या बांधापाशी ओळी आखूड होत गेल्या. शेवटी कोपऱ्यात पाच-सहा झाडं उरली. तिथं मशीन घुसेना. तो चार वेळा मागेपुढे झाला, पण ती झाडंही सोडली नाहीत.

आसिफ आला, शटर वर केलं. पडद्यावरचं तपकिरी मोकळं वावर पाहून तो टोपी काढायची विसरला.

"सारा वेचला तुम्ही?"

"उभं पीक ठेवून वावर दुसऱ्याच्या हवाली कसं करावं?"

आसिफने आकडे पाहिले. "एक्क्याऐंशी. तासाच्या वर झालं, हलला नाही. पास आहे काका." त्याने कागदावर शेवटची खूण केली. मग कागदावरचं दही त्याला दिसलं. "हे काय सांडलं?"

"सांडलं नाही. राहू दे जरा."

आसिफने चार्जरची वायर तेवढी बाजूला घेतली. "काका, गुलनारले द्यायच्या आधी सारं पुसावं लागते. म्हणत असाल तर हे वावर पेनड्राइव्हवर टाकून देतो तुम्हाले."

"मी कुठं उघडू ते?"

"गोकुळले पाठवू?"

"त्याले तोंडपाठ आहे," दयाराम म्हणाला. "पूस तू."

आसिफने दोन-तीन ठिकाणी 'हो'चं बटण दाबलं. पडदा निळा झाला, मधोमध एक आकडा आला. एक टक्का.

"अर्धा तास लागते याले. तुमची बस अडीचची ना? जा तुम्ही, मी पाहतो."

"पुढच्यानं जातो," दयाराम म्हणाला. त्याने खुर्ची जवळ ओढली, हात मांडीवर ठेवले आणि वाढत जाणाऱ्या आकड्याकडे पाहत बसला.