हात धुऊन येतो

भिंगसाहेब हे नाव त्यांना हॉटेलवाल्यांनी ठेवलं होतं. सरकारी नोकरीत त्यांनी जन्मभर एकच काम केलं, हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासण्याचं. साहेब निवृत्त झाले, नजर मात्र झाली नाही. नजरेला कुठलं पेन्शन!

बायकोला, म्हणजे काकूंना, घेऊन बाहेर जेवायला गेले तरी त्यांची रीत तीच. टेबलाशी बसायचं, जेवण सांगायचं आणि म्हणायचं, "हात धुऊन येतो." बेसिन बहुधा स्वयंपाकघराला खेटूनच असतं. जाता जाता आत डोकावायचं, एखादं उघडं पातेलं नाहीतर कळकट फडकं हेरायचं आणि परत येऊन बायकोला म्हणायचं, "चल." तोवर ताट समोर आलेलं असायचं, त्यातून वाफा निघत असायच्या. काकू मुकाट्याने पर्स उचलायच्या.

म्हणूनच यंदा लेकीकडे यायला निघताना काकूंनी सांगून टाकलं होतं. "लग्नाला चाळीस वर्षं होतील. मला दागिना नको, कपडा नको. एकदा बाहेर बसून गरम जेवण शेवटच्या घासापर्यंत खायचंय, बस."

"असं हॉटेल शोधतो की उठायचं कारणच राहणार नाही," साहेबांनी शब्द दिला होता. शब्दाला ते पक्के होते. अडचण एवढीच की शहर अनोळखी होतं आणि अनोळखी शहरातल्या स्वयंपाकघरांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

लग्नाच्या वाढदिवशी सकाळी लेकीनेच त्यांना कामाला लावलं. "बाबा, रात्रीचं हॉटेल तुम्हीच पसंत करा. बाजारपेठेच्या बाजूला खूप आहेत. सावकाश बघा, घाई नाही. आम्ही तिघं तोवर पडद्यांचं कापड आणतो."

"आणि पुलापलीकडे?"

"पुलापलीकडे नका जाऊ." लेक जरा जास्तच घाईने बोलली. "तिकडे काही धड नाहीये."

जावईबापू एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. काकू आरशासमोर होत्या. पडद्यांचं कापड आणायला कुणी ठेवणीतली कानातली घालतं का? साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. पण तपासणीला गेलेल्या माणसाने आधी बोलायचं नसतं.

बाजारपेठेत त्यांनी उन्हातान्हात पायपीट केली. पहिल्या हॉटेलात ओल्या रंगाचा वास येत होता. ऐन धंद्याच्या वेळी भिंत रंगवतात म्हणजे रंगाखाली काहीतरी लपवायचंय. दुसऱ्यात मालक फार गोड बोलला. तिसऱ्याच्या दारात मांजर झोपलं होतं, चांगलं गुटगुटीत. हॉटेलातलं मांजर गुटगुटीत, म्हणजे आत उंदरांची काही कमी नाही. पुढच्या ठिकाणी सगळं चकाचक होतं, आणि साहेबांना सर्वांत जास्त संशय त्याचाच आला.

शेवटी ते एका दुकानाच्या पायरीवर टेकले. पाय दुखत होते आणि मनात लेकीचं ते वाक्य घोळत होतं. इतक्या वर्षांत ते एक गोष्ट शिकले होते. जी खोली साहेबांना दाखवायची 'राहून जाते', तीच आधी उघडायची. पुलापलीकडे असं काय होतं, की जावयाला खिडकीबाहेर बघावंसं वाटलं? ते उठले आणि पुलाकडे चालू लागले.

पलीकडची पहिलीच गल्ली शांत होती. कोपऱ्यावर एक बेताचं हॉटेल होतं, निळ्या दाराचं. साहेब अर्थातच त्या दाराने गेले नाहीत. ते वळसा घालून मागच्या बोळात शिरले. तिथे पंखा गरम हवा बाहेर फेकत होता आणि स्वयंपाकघराचं दार हवेसाठी उघडं टाकलेलं होतं. साहेब दाराआड उभे राहिले.

कचऱ्याच्या डब्याला झाकण होतं. भाज्या धुतलेल्या होत्या. बरं आहे, साहेब मनात म्हणाले, बऱ्यापैकी बरं आहे. तेवढ्यात आचाऱ्याने खांद्यावरचं फडकं घेऊन कपाळाचा घाम पुसला. मग एका ताटात भाजलेला मासा ठेवला, काठावर रस्सा सांडला होता तो त्याच फडक्याने गोल फिरवून लख्ख पुसला, आणि ताट पुढच्या खिडकीतून बाहेर सरकवलं.

सापडला! साहेबांच्या अंगात नोकरीचा जुना वारा शिरला. आता हे ताट कुणाच्या नशिबी, म्हणून त्यांनी मान लांब करून खिडकीपलीकडे पाहिलं.

ताट काकूंच्या पुढ्यात आलं.

शेजारी लेक होती. समोर जावईबापू. टेबलावर फुलं होती. पडद्यांच्या कापडाचा कुठे पत्ता नव्हता.

साहेबांनी 'चल' म्हणायला तोंड उघडलं सुद्धा. शब्द ओठांपर्यंत आला. मग काकूंनी माशाचा घास घेतला, भरल्या तोंडाने लेकीला काहीतरी सांगितलं आणि इतक्या जोरात हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन त्या पुन्हा जेवायला लागल्या. नजर ताटात होती. साहेबांना आठवलं, आपल्याबरोबर जेवताना ही कधी ताटाकडे बघतच नाही. ही आपल्याकडे बघत असते, आपण कधी उठतो ते.

त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि रागही आला. आपल्याच लग्नाचा वाढदिवस आणि आपल्यालाच वगळून! पण पाय काही हलले नाहीत. काकूंचं ताट संपत आलं होतं आणि मध्येच कुणी ते उचलून नेऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं. काकूंनी शेवटचा घास घेतला, पाव फिरवून ताट पुसून खाल्लं. मग साहेब आले तसे बोळातून परत गेले.

संध्याकाळी घरी सगळे त्यांची वाटच बघत होते. लेकीने विचारलं, "काय बाबा, नेहमीसारखंच ना? एकही पसंत पडलं नसेल. मग आपण घरीच करू काहीतरी साधं."

"पडलं की. पुलापलीकडचं. निळ्या दाराचं."

जावईबापूंच्या हातातला कप बशीवर वाजला. लेकीने आईकडे पाहिलं, आईने जमिनीकडे.

"मागून पाहिलं तुम्ही?" काकूंनी हळूच विचारलं.

"पाहिलं. स्वच्छ आहे. एकदम स्वच्छ."

सगळ्या नोकरीत त्यांनी खोटा शेरा कधी दिला नव्हता. हा पहिला.

रात्री निळ्या दारातून ते या वेळी पुढून आत शिरले. वाढणाऱ्या बाईंनी काकूंना पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं बाई, परत—" जावईबापूंना जोराचा खोकला आला. बाई पाणी आणायला वळल्या. चौघं बसली. काकूंचा एक हात पर्सवर होता, नेहमीच्या सवयीने.

"जा ना," त्या म्हणाल्या. "हात धुऊन या."

"नको. आज घरूनच धुऊन आलोय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पर्स उचलून खाली पायाशी ठेवली.

"दुपारचा मासा छान होता," त्या म्हणाल्या. "तोच सांगू?"

"सांग. दोन सांग."

ताटं आली. वाफा निघत होत्या आणि काठ कसे लख्ख पुसलेले होते. साहेबांनी काठाकडे एकदा पाहिलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि घास घेतला.